थोडं हे, थोडं ते

हॅमिल्टन,
रविवार, दुपार

प्रिय शशिकांत,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण पत्राची सुरुवातच खाडाखोडीने कशाला करायची, म्हणून राहू दिलं. तसंही मनात नसलेले शब्द चारचौघांत वापरायची कला मी तुझ्याकडूनच शिकले.

तुझा चार ओळींचा मेसेज मिळाला. पहिल्या ओळीत अभिनंदन, दुसरीत पदविका समारंभाला येण्याचा विचार आहे, तिसरीत जवळपास एखादं बरं मोटेल बघून ठेव. आणि चौथीत, ईशाच्या त्या कोर्सचं अधिकृत नाव काय, म्हणजे कुणाला सांगायला बरं पडेल. ती चौथी ओळ वाचून मी आपोआप हसले. इतक्या वर्षांत तू जराही बदलला नाहीस. तर लिहून घे. डिप्लोमा इन जनरल स्टडीज. जनरल. त्याच्यामागे कंसात टाकायला काही नाही, पुढे लावायला ऑनर्स नाही. विद्यापीठही नाही, पॉलिटेक्निक. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तो तिने तीन वर्षांत केला, कारण तो कसाही, कितीही, कधीही करता येतो. हे सगळं तुझ्या मित्रमंडळींना सांगताना तुझा चेहरा कसा होईल ते मला इथे बसून दिसतंय.

आधी माझं सांगते, नाहीतर तू म्हणशील हिने नेहमीसारखं सगळं माझ्यावर ढकललं. ईशाने पहिल्यांदा त्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक आणलं तेव्हा मीच त्याला भेळ म्हटलं होतं. थोडे कुरमुरे, थोडी शेव, वरून चिंच. पोट भरत नाही आणि भूकही राहत नाही. मी बी.फार्म.ला विद्यापीठाच्या गुणवत्ता यादीत आलेली, तू पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून तिसरा आलेला. हा तिसरा नंबर तू ऑकलंडच्या विमानतळावर उतरल्यापासून सांगत आलायस. घर भाड्याने देणाऱ्या त्या किवी बाईलाही तू तो सांगितला होतास आणि ती बिचारी म्हणाली होती, ओह, गुड ऑन यू. तुला वाटलं ती भारावली. ती तुझ्याकडे कुत्रा नाही ना, एवढंच ऐकायला थांबली होती.

पण ते चार महिने आठवतायत का तुला? ईशा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या सहामाहीत तिचे दोन पेपर गेले आणि दुसऱ्या सहामाहीला तिने नाव नोंदवलंच नाही. आपल्याला सांगितलं नाही. रोज सकाळी आठ वाजता पाठीला बॅग लावून निघायची. मी डबा भरून द्यायची. संध्याकाळी दारातच विचारायची, कसा झाला दिवस, आणि ती म्हणायची, स्वीट अॅज, म्हणजे एकदम मस्त. तिने मैत्रिणींची नावंसुद्धा रचली होती. एक मुलगी प्रोजेक्टमध्ये काहीच काम करत नाही म्हणून तिने एकदा जेवताना दहा मिनिटं तक्रार केली आणि तू तिला टीम कशी चालवावी यावर भाषण दिलंस. ती मुलगी अस्तित्वातच नव्हती. आपली पोर दिवसभर तळ्याकाठच्या बाकावर बसत होती. पाऊस आला की मॉलमध्ये. मी रोज शेकडो औषधांच्या चिठ्ठ्या तपासते, एक शून्य इकडेतिकडे झालेलं मला लांबून कळतं, आणि घरातलं एवढं मोठं मला चार महिने कळलं नाही.

कळलं ते तुझ्यामुळे. तिला सुट्टीत कुठे तरी चिकटवून द्यावं म्हणून तू ओळखीच्या प्राध्यापकाला फोन केलास आणि तो म्हणाला, अशी विद्यार्थिनी या सहामाहीत आमच्याकडे नाही. त्या संध्याकाळी ईशा घरात आली, तू तिला समोर बसवलंस. ती रडत सगळं बोलली. दोन पेपर, बाक, मॉल, सगळं. मी तिच्याशेजारी बसले होते. तुझ्या तोंडून पहिला शब्द काय येतो याकडे आम्ही दोघी बघत होतो. तू विचारलंस, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

का झालं, नाही. तू एकटी दिवसभर काय करायचीस, जेवायचीस का, नाही. कुणाकुणाला माहीत आहे.

तिने उत्तर दिलं, "नोबडी, बाबा." आणि तू सुटकेचा श्वास सोडलास. मी तो ऐकला, शशिकांत. तिनेही ऐकला.

मग फेब्रुवारीत तू वेलिंग्टनच्या सरकारी खात्यात नोकरी घेऊन लोअर हटला राहायला गेलास. नोकरी चांगली होती हे खरं. पण ज्या वेगाने तू सामान भरलंस त्यावरून वाटलं असतं घराला आग लागलीय. त्याच महिन्यात मी ईशाला घेऊन पॉलिटेक्निकात गेले. सल्ला द्यायला नायरी नावाची साठीची माओरी बाई होती. पायात जॅन्डल्स, त्या रबरी चपला, गळ्यात चष्मा. मी मनात म्हटलं, वा, काय संस्था आहे. तिने ईशाला विचारलं, तुला काय करायचं नाहीये? मला तर हा प्रश्नच हास्यास्पद वाटला. दवाखान्यात आलेल्या माणसाला कुठे दुखत नाही असं विचारण्यातला प्रकार. पण ईशा बोलायला लागली. वीस मिनिटं बोलली. नायरी ऐकत राहिली, मध्ये एकदा तिने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. शेवटी चार पेपर ठरले. माती आणि झाडं, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, आणि न्यूझीलंडची सांकेतिक भाषा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या माणसांची हातांची भाषा. मी विचारलं, यातून पुढे होणार काय? नायरी म्हणाली, ते आत्ता माहीत असतं तर हिला इथे यावंच लागलं नसतं. मी गाडीत बसल्यावर ईशाला म्हटलं, बाई गोड आहे पण पगार फुकट घेते.

आता सप्टेंबरमधल्या त्या गणपतीचं. तू मला आग्रहाने बोलावलं होतंस, माणसं ओळखीची होतील म्हणून. आम्ही दोघी साडेसहा तास गाडी चालवत आलो. लोअर हटचा तो हॉल, मागच्या बाजूला बुटांचा ढीग, स्टेजवर कुणाची तरी मुलं अथर्वशीर्ष म्हणत होती. ईशाने माझी हिरवी साडी नेसली होती, पहिल्यांदाच. तू आम्हाला तुझ्या ऑफिसातल्या श्रीनाथांकडे घेऊन गेलास, तुझ्याहून दोन पायऱ्या वरचे ते. त्यांनी हसून विचारलं, "आणि ही कोण? मुलगी तर तुमची मेलबर्नला असते ना, एक्स्चेंजवर?" मला मेलबर्नचं काहीच माहीत नव्हतं. ईशालाही नव्हतं. तू एक क्षणही थांबला नाहीस. तुझ्या मेंदूच्या वेगाचं मला लग्नाआधी कौतुक होतं. तू म्हणालास, "ही कल्याणीची भाची. हॅमिल्टनलाच असते."

आपल्या मुलीला मराठी बोलता येत नाही, पण सगळं समजतं. भाची म्हणजे काय तेही. तिने श्रीनाथांकडे बघून माओरीत नमस्कार केला, "किया ओरा, काका." त्यांच्या बायकोने विचारलं, काय शिकतेस? ती म्हणाली, "बिट ऑफ धिस, बिट ऑफ दॅट." सगळे हसले. तू सगळ्यात मोठ्याने हसलास. आणि मग ती तासभर त्या लोकांना प्रसाद वाटत होती, तुझ्या पानातसुद्धा तिने मोदक वाढला, आणि तू तिला थँक यू म्हणालास. पाहुण्यांच्या मुलीला म्हणतात तसं.

परतीच्या वाटेवर ताइहापेला आम्ही चहाला थांबलो. ईशाने कपात साखर घातली, ढवळली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सो, डू आय कॉल यू मावशी नाऊ?" मी चहाचे पैसे द्यायला उठले. त्यानंतर मी लोअर हटला पाय ठेवला नाही. याला तू अजून 'नोकरीमुळे वेगळं राहतो' असं म्हणतोस. म्हण बापडा.

तुला वाटत असेल पुढे काही चमत्कार झाला. तसं काही नाही, तुला सांगण्यासारखं काहीच झालं नाही. माती आणि झाडांच्या पेपरात बी श्रेणी मिळाली. मानसशास्त्र तिला कंटाळवाणं वाटलं. मुलाखतीत सांगता येईल असं बक्षीस नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. वर्गात तिच्याबरोबर कोण कोण होतं सांगू? दुधाच्या कारखान्यातून कमी केलेला पन्नाशीचा माणूस, तीन मुलांची सामोअन आई, ईस्ट टामाकीतल्या गोदामातली नोकरी सोडून आलेला एक अबोल पंजाबी. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा, खरं सांगते, नाक मुरडलं होतं. म्हटलं ही काय उरलेल्यांची पंगत. मला ते वाटलं याची आज लाज वाटते, पण वाटलं होतं हे तुझ्यासारखं लपवत नाही.

एक गोष्ट मात्र झाली. संख्याशास्त्रात ती नापास झाली. तो दिवस मी विसरणार नाही. मी पोळ्या लाटत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, बॅग खांद्यावरच होती, आणि म्हणाली, "आई, आय फेल्ड स्टॅट्स." बस. त्याच दिवशी निकाल लागला होता, त्याच दिवशी ती घरी येऊन मला सांगत होती. चार महिने तळ्याकाठी बसलेली माझी पोर. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मी काही तरी मोठं, शहाणपणाचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, बरं, जेवायला बस. आणि ती बसली, चांगल्या पाच पोळ्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी तो पेपर पुन्हा दिला आणि पास झाली. काठावर. तुला ऐकायला आवडणार नाही म्हणून मुद्दाम लिहिते, काठावर.

हातांची भाषा मात्र तिने सोडली नाही. एक पेपर झाला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. लवचीक अभ्यासक्रमाचा हा एक फायदा, जिथे जीव रमतो तिथे रमू देतात. शनिवारी ती त्या मंडळींच्या क्लबात जायला लागली. घरी आरशासमोर उभी राहून सराव करायची. मला वाटायचं, हातवारेच करायचे होते तर भरतनाट्यम काय वाईट होतं.

मग गेल्या हिवाळ्यात एकदा ती मला न्यायला हॉस्पिटलात आली. माझ्या औषधांच्या खिडकीशी मॉरिन्सव्हिलचे एक म्हातारे शेतकरी उभे होते, जन्मापासून ऐकू न येणारे. घरी सोडत होते त्यांना. रक्त पातळ करायच्या गोळ्या, एक दिवस एवढी, दुसऱ्या दिवशी तेवढी. दुभाषी अपघात विभागात अडकली होती आणि ते वैतागून कागदावर काही तरी लिहीत होते जे मला वाचता येत नव्हतं. ईशा मागे उभी होती. तिने पुढे होऊन हात हलवले. नंतर मला कळलं, तिने आधी एवढंच सांगितलं होतं की मी शिकतेय, माझं चुकेल. म्हातारे चक्क हसले. पुढची पंधरा मिनिटं ते बोलत राहिले. तिला चार वेळा तरी काही कळलं नाही, चारही वेळा तिने पुन्हा विचारलं. नंतर व्हिडिओवर दुभाषी मिळाली तेव्हा मी नियमाप्रमाणे सगळं परत तपासून घेतलं, आणि ईशाची एक चूक निघाली. 'दिवसाआड' ऐवजी तिने 'दोन दिवस' अशी खूण केली होती. चूक साधी नव्हे, माझ्या धंद्यात यावर माणूस जातो. मी ईशाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पुन्हा त्या बाकावर जाऊन बसणार. तिने कपाळावर हात मारला, त्या दुभाषीला विचारलं बरोबर खूण कशी, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ती तीन वेळा करून दाखवली. म्हाताऱ्यांनी अंगठा वर केला.

मी वीस वर्षं माणसांना औषधं देतेय. भीती गेलेलं माणूस मला ओळखता येतं.

येत्या महिन्यापासून ती इथल्या एका शाळेत मदतनीस म्हणून लागतेय, ऐकू न येणाऱ्या दोन मुलींबरोबर. पुढे दुभाषी व्हायचं तर ऑकलंडला आणखी शिकायला लागेल, यातले काही गुण तिकडे धरतात. होईल न होईल. मदतनीस हा शब्दही तुला सांगायला जड जाईल, तेव्हा तोही लिहून घे.

आता जे लिहायचं टाळत होते ते. तू ईशाला भाची म्हणालास ते मी आतापर्यंत अशा आवेशात लिहिलं, जणू मी तिथे नव्हते. तू पुढे निघून गेल्यावर श्रीनाथांच्या बायकोने मला विचारलं, "सख्खी भाची का हो?" आणि मी म्हटलं, "हो, माझ्या धाकट्या बहिणीची." मला धाकटी बहीण नाही. ईशा माझ्या डाव्या हाताला उभी होती. ताइहापेला तिने तो प्रश्न तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे विचारला होता. हॉस्पिटलातल्या त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी तिची माफी मागितली. दोन वर्षं उशिरा. ती म्हणाली, "आय नो, मम. तेव्हा तू माझ्याकडे बघू शकली नाहीस, ते पाहिलंय मी." हे ती अर्धं मराठीत बोलली. तुझी मी इतकी कीव आणि इतका तिटकारा करते त्याचं कारण तू परका आहेस हे नाही. तू नेमका कसा आहेस हे मला आतून माहीत आहे.

आणि हो, लोअर हटला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा, विनिताचा फोन आला होता. तुझ्या खात्यात झालेल्या कपातीत तुझी जागा गेली, पाच महिने झाले, आणि तू हॉलमध्ये सगळ्यांना कन्सल्टिंग करतो म्हणून सांगतोस. विनिताला ते श्रीनाथांच्या बायकोकडून कळलं, म्हणजे तिथे ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे तुझ्यासमोर मान डोलावतात आणि तू समाधानाने बोलत राहतोस. हे ऐकून मला आनंद झाला. मी चांगली बाई नाही. तो आनंद मी रात्रीच्या जेवणात ईशालाही वाढला, चांगला तिखटमीठ लावून. म्हटलं, बघ, मेलबर्नवाल्या मुलीच्या बापाचं काय झालं. ती हसली नाही. ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "ही इज हीप्स स्केअर्ड, मम. आय नो व्हॉट दॅट लुक्स लाइक."

म्हणून हे पत्र. माझी इच्छा असती तर तुझ्या मेसेजला मी उत्तरही दिलं नसतं, आणि समारंभाच्या दिवशी तू मोटेल शोधत फिरला असतास. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन तिकिटं मिळतात. दुसरं मी अस्मिताला द्यायचं ठरवलं होतं, आमच्या हॉस्पिटलातली नर्स, तिने ईशाला गाडी शिकवली. ईशाने ते माझ्या हातातून काढून घेतलं, पाकिटात घातलं, आणि वर तुझा पत्ता स्वतः लिहिला. मला म्हणाली, तू फक्त पत्र लिही, आणि खरं लिही, त्यांना काहीच न लपवता सांगणारं कुणी नाहीये. तेव्हा लिहिलं. शुक्रवारी सकाळी दहाला ये किंवा येऊ नकोस. आलास तर तुझी खुर्ची माझ्या शेजारी आहे, आणि आजूबाजूला, वर्गातल्यांची उरलेली तिकिटं गोळा करून, त्या सामोअन बाईचं अख्खं कुटुंब बसणार आहे. ती माणसं भारी चौकशा करतात. ही तुमची कोण, काय शिकली, तुम्ही काय करता. तिन्ही प्रश्नांची खरी उत्तरं प्रत्येकी दोन शब्दांत होतात. मी तुला मदत करणार नाही. ईशा म्हणते, तुला जमेल. मला नाही वाटत. पण तिच्याबाबत याआधी मी किती वेळा चुकले आहे ते वर लिहिलंच आहे.

तुझी म्हणवत नाही,
ईशाची आई,
कल्याणी